आगादीर मोजणाऱ्या कप्तानाचा दिवस

साल 1931, एप्रिलची अखेर. जागा दक्षिण मोरोक्को, अँटी-अ‍ॅटलास डोंगराच्या उत्तर उतारावरचं एक फ्रेंच ठाणं. कप्तान आमच्या कल्पनेतला. पण त्याचं खातं, त्याची कामं आणि त्याच्या टेबलावर पडलेला ‘हेस्पेरिस’चा अंक खरा. रबातहून निघणाऱ्या या संशोधनपत्रात 1929 साली रोबेर माँतान्य या नौदलाच्या अधिकाऱ्याने इकुंका जमातीच्या सामाईक धान्यकोठारावर प्रदीर्घ लेख लिहिला होता. आमच्या कप्तानालाही तसंच काहीतरी करून दाखवायचं आहे.

सकाळी सहा. कॉफी, दाढी, मग घोड्यावरून ठाण्याभोवती एक फेरी. दक्षिणेकडच्या टेकड्यांपलीकडे फ्रेंच हुकूम अजून चालत नाही. तो चालायला 1934 उजाडणार आहे.

साडेसात. डोक्यावर आकाशी निळी टोपी चढते, म्हणजे ‘देशी व्यवहार’ खात्याचा अंमल सुरू. दारात मखजनी शिपाई, आत दुभाषा आणि अरबी लिहिणारा कारकून. कागदोपत्री मोरोक्को सुलतानाचाच; 1912 च्या करारापासून फ्रान्स फक्त ‘संरक्षक’. प्रत्यक्षात तंटे, कर, रस्ते, दवाखाना, हेरगिरी सगळं याच खोलीतून चालतं. पस्तिशीच्या माणसाला एवढी सत्ता पॅरिसात सात जन्मांत मिळाली नसती.

आठ ते साडेदहा तक्रारी. आज पाण्याच्या पाळीचं भांडण. डोंगरातून येणारा पाट दोन वाड्यांत वाटलेला आणि पाळी मोजायला तांब्याची वाटी. तळाला बारीक भोक असलेली ही वाटी पाण्यावर सोडतात. ती भरून बुडाली की एक माप संपलं. आपल्या लग्नघरातलं घटिकापात्रच. खालच्या वाडीचं म्हणणं, वरच्यांनी भोक बारीक केलंय. कप्तान वाटी मागवतो, बादलीत सोडतो, घड्याळ लावतो. दोन्हीकडचे म्हातारे हे गंभीरपणे पाहतात आणि शेवटी तडजोड आपसात, आपल्या बोलीत करतात. दुभाषा त्यातलं निम्मंच सांगतो. कप्तान निकाल आपल्या नावावर लिहितो.

साडेदहा. काइद येतो. सरकारने नेमलेला प्रमुख, जाडजूड, अत्तर लावलेला. पिकांवर आणि गुरांवर बसणाऱ्या ‘तर्तीब’ कराचा हिशेब, मग नव्या वाटेसाठी वेठीला किती माणसं लावायची ते. कोणाच्या घरातला माणूस जाणार आणि कोणाचा सुटणार, हे काइद ठरवतो. त्याचे दर कप्तानाला ठाऊक आहेत. तो विचारत नाही.

बारा ते अडीच जेवण आणि झोप. त्या उन्हात दुसरं काही शक्यही नसतं.

तीन वाजता दिवसाचा खरा आवडता भाग येतो. मोजपट्टी, होकायंत्र, कॅमेरा आणि वही घेऊन तो आगादीरकडे निघतो. कड्याच्या टोकावर दगडांनी रचलेलं हे कोठार गावाच्या मालकीचं, कुणा एकाचं नाही. एकच दार, एकच अरुंद गल्ली आणि तिच्या दोन्ही अंगांना एकावर एक चढवलेल्या कोठ्या. मोठ्या आगादीरात त्या शंभराच्याही वर. जिना नाही. भिंतीतून सपाट दगड बाहेर काढलेले. त्यांवर पाय देत, पाठीवर जवाचं पोतं घेऊन बायका तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. कोठीच्या दाराला लाकडी कुलूप, लाकडी किल्ली आणि तळाशी मांजराला आत-बाहेर करण्यापुरतं भोक. उंदरांचा बंदोबस्त असा बांधकामातच केलेला. आत जव, बदाम, तेल, दागिने आणि जमिनीचे कागद. दुष्काळात किंवा हल्ल्यात घर गेलं तरी हे वाचावं म्हणून.

राखण करणारा अमीन कप्तानाला घेऊन फिरतो. त्याला वेतन कोठीवाले जवातच देतात. इथले नियम लेखी आहेत, पूर्वी ते लाकडी फळीवर लिहीत: चोरी केली तर इतका दंड, आगादीरच्या आवारात मारामारी केली तर इतका. दंड ठरवणारे राजा नव्हेत, काजी नव्हेत, घराघरातून आलेले पंच. माँतान्यने 1927 मध्ये एका मोरोक्कन सहकाऱ्याबरोबर असे रिवाजांचे दस्तऐवज छापले होते, आणि ते वाचूनच आमचा कप्तान या फळ्यांच्या मागे लागला आहे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या फर्मानाने बर्बर जमातींचे खटले शरियतऐवजी रिवाजावर चालवायचं ठरलं. त्यावरून सले आणि फेसमध्ये मशिदींतून निषेध उसळला. म्हणजे ही फळी आता निव्वळ विद्वत्तेची गोष्ट उरलेली नाही.

तो कोठ्या मोजतो, गल्लीची रुंदी घेतो, छेद काढतो. कोठीपुढे कुटुंबाचं नाव लिहितो. दगड कुणी रचला, ते विचारायचं राहून जातं.

सहा. अमीनच्या घरी चहा, रिवाजाप्रमाणे तीन पेले. समोरच्या टेकाडावर काइदची नवी गढी दिसते: चार कोपऱ्यांना चार बुरूज, फळ्यांच्या साच्यात माती धोपटून उभ्या केलेल्या भिंती, वरच्या भागात कच्च्या विटांची नक्षी. माँतान्यचा 1930 चा मोठा ग्रंथ मुख्यतः या दोन वास्तूंमधल्या अंतराबद्दलच आहे, असं मला वाटतं. आगादीर पंचांचा, गढी त्या पंचांना दाबून मोठ्या झालेल्या सरदाराची. ग्लावी, गुंदाफी, मतुगी ही अ‍ॅटलासमधली घराणी अशीच वर आली, हे त्याने बारकाईने दाखवलं. फ्रेंच प्रेम आगादीरवर करत आणि तनखा गढीवाल्याला देत. मर्राकेशचा पाशा थामी अल ग्लावी हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण.

रात्री नऊ. कंदिलाखाली दोन कागद. एकावर आगादीरचा आराखडा, शाईत. दुसऱ्यावर ‘लेफ’चा नकाशा: कोणती जमात कोणाच्या गटात, भांडण पेटलं तर कोण कोणाच्या मदतीला धावेल. गट सोंगट्यांच्या पटासारखे एकाआड एक घरात बसतात, हे माँतान्यचं म्हणणं. पुढे झाक बेर्क आणि अर्नेस्ट गेलनर यांनी ते मोडीत काढलं नाही, पण बरंच पोखरलं. आज रात्री तो वाद दूर आहे. हा दुसरा कागद सकाळच्या टपालाने सैन्याच्या मुख्यालयाकडे जाईल, कारण टेकड्यांपलीकडे चाल करताना कोणाला आधी फोडायचं ते त्यावरून ठरतं. आराखडा आणि नकाशा एकाच हाताचे आहेत, आणि दोन्हींची माहिती त्याच चहाच्या बैठकीत मिळालेली. त्या विद्वत्तेला थोर म्हणताना हे सोडून देता येत नाही. आणि एवढ्यावरून ते आराखडे खोटेही ठरत नाहीत. आगादीरांवर काम करणाऱ्याला माँतान्य आजही वाचावाच लागतो.

1953 मध्ये ग्लावीने फ्रेंचांना सुलतान पदच्युत करायला हात दिला, 1955 मध्ये सुलतान परतला आणि 1956 च्या जानेवारीत ग्लावी वारला. त्याच वर्षी मोरोक्को स्वतंत्र झाला. तेलुएतची त्याची गढी त्यानंतर ढासळत गेली. आगादीरांपैकी काहींची डागडुजी मात्र झाली; सलीमा नाजी या मोरोक्कन वास्तुविशारदाने गावच्याच गवंड्यांना घेऊन ती केली. अँटी-अ‍ॅटलासकडे कधी गेलात तर अमतूदीचा आगादीर पाहा, आणि वर चढण्याआधी खाली गावात राखणदाराची चौकशी करा. दार उघडणारा तोच.