आक्रमकतेचे संगणकीय मापन

दुसऱ्या व्यक्तीस, ती टाळू पाहत असताना, हेतुपुरस्सर इजा पोहोचविण्याच्या वर्तनाचे प्रयोगशाळेत संगणकाच्या साहाय्याने केलेले परिमाणन. खरी इजा होऊ देणे नीतीस धरून नसल्याने या पद्धतींत प्रयुक्तास इजा करण्याची संधी मिळाल्याचा केवळ भास निर्माण करतात. प्रतिस्पर्धी बहुधा काल्पनिक असतो.

आर्नल्ड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ‘शिकणाऱ्या’ व्यक्तीच्या चुकीबद्दल प्रयुक्ताने निवडलेली विद्युत् आघाताची तीव्रता हे माप मानले. स्टुअर्ट टेलर यांनी १९६७ मध्ये त्यास प्रतिक्रियाकालाच्या स्पर्धेचे रूप दिले. तिच्या पुढील संगणकीय आवृत्तींत आघाताऐवजी कर्कश आवाज वापरतात. प्रत्येक फेरीपूर्वी प्रयुक्त आवाजाची पातळी व बहुधा कालावधीही ठरवितो आणि हरणाऱ्यास तो आवाज ऐकावा लागतो. हारजीत संगणकाने आधीच ठरविलेली असल्याने चिथावणी हवी तशी वाढविता येते. डॉन चेरेक यांच्या पद्धतीत (१९८१) एक कळ वारंवार दाबून पैशांत बदलता येणारे गुण मिळतात, तर दुसरीने प्रतिस्पर्ध्याचा गुण वजा होतो. वजा केलेला गुण प्रयुक्तास मिळत नाही. दुसरी कळ किती वेळा दाबली, ते आक्रमकतेचे माप होय.

संगणकाविना वापरली जाणारी आणखी एक रीत म्हणजे तिखट न आवडणाऱ्या व्यक्तीसाठी प्रयुक्ताने वाढलेल्या तिखट चटणीचे वजन करणे. लालबागच्या मिरची-मसाल्याच्या बाजारात वावरणाऱ्या माणसाला किती तिखट म्हणजे इजा वाटेल, हा प्रश्न तेथे गंभीरच ठरतो. परक्या समाजात साधन वापरण्यापूर्वी त्याचे प्रमाणीकरण आवश्यक असते.

मुख्य आक्षेप सप्रमाणतेविषयी आहे. प्रयुक्त सूड घेतो, स्पर्धा जिंकू पाहतो की प्रतिस्पर्ध्यास वचक बसवितो, हे कळ दाबण्यावरून उलगडत नाही. आवाजाच्या पद्धतीत गुणांकनही एकसारखे नाही : कोणी पहिल्या फेरीची तीव्रता घेतात, कोणी सर्व फेऱ्यांची सरासरी, तर कोणी तीव्रता व कालावधी यांचा गुणाकार. माल्टे एल्सन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले, की त्याच सामग्रीवरून गुणांकनाच्या निवडीनुसार भिन्न निष्कर्ष निघू शकतात. हिंसक व्हिडिओ खेळांविषयीच्या वादात हा दोष विशेष जाणवला. गुणांकन आधी जाहीर करणे हा त्यावरील एक उपाय होय.

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींसारख्या सामूहिक हिंसेत अफवा, जमाव व संघटन यांचा वाटा मोठा असतो; बंद खोलीत एकट्या बसलेल्या प्रयुक्ताच्या गुणांवरून तिच्याविषयी अनुमान काढता येत नाही.