गुडघ्याएवढं कुंपण

जॉशुआ स्लोकम हा शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. १८९५ ते १८९८ या काळात त्याने ‘स्प्रे’ नावाच्या होडीतून ती पुरी केली. ही होडी त्याने स्वतःच्या हातांनी नव्याने बांधली होती. डेकच्या कडेने ओकच्या चौदा इंची खुंट्या रोवून त्यांवर पाइनच्या फळ्या ठोकल्या, की झाला कठडा. चौदा इंच म्हणजे धड गुडघ्यालाही लागत नाहीत. त्यात स्लोकमला पोहता येत नव्हतं. अर्थात भर समुद्रात होडी आपल्याला सोडून पुढे चालली असताना पोहता येऊन तरी काय मोठा फरक पडणार!

आज या कठड्याच्या जागी तारा असतात. होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला नळ्यांची चौकट, मधे दोन्ही कडांनी उभे खांब आणि त्यांतून ओवलेल्या वरखाली दोन तारा. याला लाइफलाइन म्हणायचं. समुद्री शर्यतींच्या नियमांनुसार मोठ्या होडीवर वरची तार डेकपासून किमान ६० सेंटिमीटर उंच हवी, दोन खांबांत २.२ मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि मधली फट ३८ सेंटिमीटरच्या आत हवी. तार होडीच्या लांबीप्रमाणे ३ ते ५ मिलिमीटर जाडीची. आकडे ऐकायला भरवशाचे वाटतात. पण उभ्या माणसाचा तोल असतो बेंबीच्या आसपास आणि ही तार लागते गुडघ्याच्या जरा वर. होडीने गचका दिला की उभा माणूस या तारेवरूनच पलीकडे कोलमडतो. ती खरी उपयोगी पडते रांगणाऱ्याला. म्हणून जुने खलाशी खराब हवेत डेकवर बसून, सरपटत पुढे जातात. नवख्याला त्यात कमीपणा वाटतो.

आपल्याकडचा धागा इथे आधीच जोडलेला आहे. कुठेही न थांबता, एकट्याने जगाला फेरी घालणारी पहिली होडी ‘सुहैली’ मुंबईची. कुलाब्यात सागवानात बांधलेली, अवघी ३२ फुटांची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला परतले. एकट्या माणसाला पाण्यातून वर ओढायला कोणी नसतं, त्यामुळे पडायचंच नाही एवढा एकच नियम. त्या पिढीने तो बहुतांशी सवयीच्या जोरावर पाळला.

सवयीवरचा विश्वास उडाला तो ऑगस्ट १९७९मध्ये. इंग्लंडहून आयर्लंडच्या दक्षिणेला असलेल्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतायची शर्यत. ३०३ होड्या निघाल्या आणि वाटेत वादळाने गाठलं. १५ स्पर्धक गेले, २४ होड्या खलाशांना सोडून द्याव्या लागल्या, त्यांतल्या ५ बुडाल्या. नंतरच्या चौकशीत जे पुढे आलं त्याने नौकानयनाची दुनिया हादरली. मृतांपैकी काहींनी कमरेछातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस, नीट बांधलेला होता. तुटली होती ती त्याची दोरी, नाहीतर दोरी अडकवलेली जागा. काळजी घेतलेली माणसं साधनाने दगा दिल्यामुळे गेली होती.

तेव्हापासूनची पंचेचाळीसेक वर्षं बघितली तर मला एक गोष्ट ठळक दिसते. या साधनांची ताकद वाढली, हे खरंच. पण त्याहून मोठा बदल म्हणजे त्यांचं दुखणं डोळ्यांना दिसू लागलं. पूर्वी ते झाकलेलं असे, आणि झाकायला आपणच हौसेने पैसे मोजत होतो.

पांढऱ्या प्लास्टिकच्या वेष्टनाची तार हे त्याचं उत्तम उदाहरण. कित्येक वर्षं बहुतेक होड्यांवर हीच दिसे. हाताला मऊ, शिडाला खरचटत नाही, मालकाला देखणी. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. वेष्टनाला कुठेतरी चीर जाते, टोकाच्या फिटिंगपाशी फट राहते, तिथून खारं पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडून बसतं. ऑक्सिजन मिळत नाही, थर टिकत नाही, आणि तार आतून कुरतडली जाते. बाहेरून सगळं पांढरंशुभ्र. पुढे शर्यतींच्या नियमांनी तार उघडीच हवी, घट्ट वेष्टन चालणार नाही, असं बजावलं. मालकांनी मात्र सहजी ऐकलं नाही. हौशी होड्यांवर ती पांढरी तार अजून भेटते.

मुंबई-गोव्याच्या हवेत तर ती वापरूच नये. उकाडा, दमट वारा आणि मीठ, तिन्ही बाराही महिने हजर. पावसाळ्याआधी होड्या पाण्याबाहेर काढतात, तेव्हा अशा तारेचं टोक सुरीने सोलून बघावं. फिटिंगच्या तोंडाशी आधी चहासारखा तांबूस ओघळ दिसतो. वेष्टन बोटभर मागे सारलं की खाली काळपट, खडबडीत तार, आणि पेळाचा एखादा धागा तुटून काट्यासारखा वर आलेला. उघड्या तारेवर हे शोधायची युक्ती सोपी आहे. कापसाचा बोळा घेऊन तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत जायची. धागा तुटला असेल तिथे कापूस अडकून राहतो. हाताने चाचपू नये. तो धागा बोटात असा शिरतो की दोन दिवस आठवण राहते. एक जरी धागा तुटलेला सापडला तरी ती तार बदलायची, यावर चर्चा नको.

तार बदलली की काम झालं, असं समजणारे पुष्कळ. पण तार सहसा मधे तुटत नाही. दोन मीटरच्या अंतरात कोणी आडवा आदळला आणि तार दहाएक अंशांनी वाकली, तर तिच्यावरचा ताण आदळण्याच्या जोराच्या जवळजवळ तिप्पट होतो. तो ताण टोकांकडे जातो. तिथे दाबून बसवलेलं फिटिंग, तार ताणायचा टर्नबकल, तो फिरू नये म्हणून घातलेली एक बारीक कॉटर पिन. कमकुवत असतं यातलंच काहीतरी. कॉटर पिन किरकोळ किमतीची, आणि तीच गळून पडलेली असते. उतरायच्या फाटकाला झटक्यात उघडणारा पेलिकन हुक असतो. त्याची कडी झिजली की शिडाचा दोर अडकून तो आपोआप उघडतो, आणि टेकून उभ्या असलेल्या माणसाला कळायच्या आत पाठीमागचा आधार गेलेला असतो.

खांबांची रडकथा वेगळी. धक्क्याला होडी लागताना बाहेरचा माणूस हमखास खांबालाच धरून होडी ओढतो. साठ सेंटिमीटरच्या खांबाच्या शेंड्याला दिलेला झटका बुडाशी पहारीसारखा उचकटतो. बुडाचं सीलंट सुटतं, पाणी डेकच्या आत झिरपतं, आणि फायबरच्या दोन थरांमधला बाल्सा लाकडाचा गाभा कुजायला लागतो. वर्षभराने खांब डुलतो, मग कोणीतरी वरून बोल्ट आवळतो आणि कुजका गाभा आणखी चेपतो. खरं काम खालून असतं. बोल्ट डेकच्या आरपार हवेत, खाली धातूची रुंद पाटी हवी, आणि भोकाभोवतीचा कुजका गाभा खरवडून तिथे इपॉक्सी भरायला हवं. कंटाळवाणं काम आहे. बहुतेक जण त्याऐवजी नवी चकचकीत तार घेतात.

टोकाला टर्नबकलऐवजी दोरीचे वेढे घालून बांधणं ही जुनी रीत पुन्हा आली, हे चांगलं झालं. एके काळी तिचं कारण भलतंच होतं. रेडिओवरून दिशा शोधायचं यंत्र असे, आणि होडीभोवती धातूचं सलग कडं झालं की ते चुकीची दिशा दाखवी. दोरीने ते कडं तुटे. यंत्र गेलं, पण दोरी कामाची ठरली. पाण्यात पडलेल्याला वर घेताना ती सुरीने कापून तार खाली पाडता येते. मात्र उन्हाने ती सडते. दोरीने सांधायची फट १० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको आणि दोरी दरवर्षी नवी हवी. तुटलेली दोरी काय करते याचं उदाहरण १९८३चं आहे. ब्रिटिश नाविक रॉब जेम्स त्रिकाय (ट्रायमरान) होडीवरच्या जाळीचा दोर तुटल्यामुळे इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ पाण्यात पडले आणि वाचले नाहीत.

पुढे तारेऐवजी डायनीमा हा कृत्रिम धाग्याचा दोर आला. तारेइतकी किंवा जास्त ताकद, वजन नावापुरतं, घरबसल्या गाठ-जोड करता येते, आणि खरचटलं की पुंजके सुटलेले लगेच दिसतात. शर्यतवाल्यांनी तो उचलून धरला. पण तारेसाठी पाडलेल्या खांबांच्या भोकांच्या कडा धारदार असतात, त्या घासून गुळगुळीत न करता डायनीमा ओवला तर थोड्याच काळात कापला जातो. वर आपलं ऊन. माझं मत विचाराल तर आपल्या किनाऱ्यावर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची उघडी तार आणि टोकाला दरसाल बदललेली दोरी, एवढं पुरे.

याच काळात गोव्यात मोठ्या होड्या बांधल्या जाऊ लागल्या. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी धरलेल्या ध्यासातून कमांडर दिलीप दोंदे २००९-१०मध्ये तिच्यातून एकटे जगाला फेरी मारून आले. अभिलाष टॉमी २०१२-१३मध्ये न थांबता. तिचीच बहीण ‘तारिणी’ २०१७-१८मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना आणि २०२४-२५मध्ये दिलना आणि रूपा या दोघींना घेऊन गेली. एकट्यादुकट्याच्या अशा सफरीत कडेची तार हा शेवटचा उपाय असतो. मुख्य भरवसा डेकवर पुढून मागे ताणलेल्या पट्ट्यावर, म्हणजे जॅकलाइनवर. हार्नेस तिला अडकवायचा, लाइफलाइनला कधीच नाही. या पट्ट्या पूर्वी तारेच्या असत, पायाखाली गोल फिरत आणि माणूस घसरे. आता चपट्या विणलेल्या असतात, आणि शक्यतो होडीच्या मधोमध नेतात, म्हणजे पडला तरी माणूस डेकवरच पडावा.

तरीही नोव्हेंबर २०१७मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनीच सुरू केलेल्या क्लिपर शर्यतीत दक्षिण महासागरात एक अनुभवी खलाशी गेला. पुढचं शीड बदलताना तो पाण्यात पडला, हार्नेस अडकवलेला होता. त्याचा हुक डेकवरच्या, दोर बांधायच्या क्लीटखाली अडकला, ओढ आडवी बसली, हुक वाकला आणि सुटला. सरळ ओढीला तो पुरेसा मजबूत होता; आडव्या ओढीला नव्हता. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने लगोलग इशारा काढला आणि जगभर लोकांनी आपापले हुक आणि क्लीट पुन्हा तपासले.

एवढं सगळं बदललं, पण ६० सेंटिमीटरची उंची तशीच आहे. शर्यतवाल्यांना ती वाढवायची नाही: पुढच्या शिडाचा तळ तारेवर घासतो, आणि कडेला बसून बाहेर झुकणाऱ्या खलाशांना उंच तार आड येते. दूरच्या सफरीवाले मात्र ७५ सेंटिमीटरचे खांब बसवू लागले आहेत. ज्यांना शर्यत जिंकायची नाही त्यांनी जरूर बसवावेत, फक्त खांब उंचावला की बुडावरची पहारही लांबते. त्यामुळे खालची पाटी आधी बदलावी, खांब मग.