शटर जूनमध्ये उघडले, बाजार दोन वर्षांनी

कापडाच्या व्यापाऱ्याचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, की दिवाळीलाही नाही. आमच्या मालेगावात ते रमजानच्या तीन-चार महिने आधी सुरू होते. सूत उचलायचे, मागावर चढवायचे, कोरे कापड रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली आणि बालोतऱ्याला पाठवायचे आणि शाबानपर्यंत तयार माल गोदामात आणायचा. रमजानमध्ये तो खपला तर वर्षभराची देणी फिटतात.

२०२० साली माझा माल वेळेवर आला होता. २५ मार्चपासून देश बंद झाला. रमजान २५ एप्रिलला लागला आणि ईद २५ मे रोजी झाली. त्या महिन्यात माझ्या गोदामातून एक ताकाही बाहेर गेला नाही. गावात साथीचा जोर इतका होता की त्या वेळी कापडाचा विचार करायलाही लाज वाटत असे. जनाजे पाहिले, काहींना तर लांबूनच निरोप दिला. ते दु:ख मोठे होते. पण हे पान व्यापाराचे आहे, म्हणून कारोबार पुन्हा कसा सुरू झाला एवढेच येथे सांगतो. "सरकारने दुकाने उघडली आणि धंदा सुरू झाला," असे आजही सहज बोलले जाते. तसे झाले नाही.

राज्य सरकारच्या १९ मे २०२० च्या आदेशाने इतर भागांतील दुकाने २२ मेपासून सकाळी ९ ते ५ उघडली. मुंबई, पुणे, सोलापूर, नाशिक, धुळे, मालेगाव अशा महापालिका मात्र लाल विभागात होत्या. आम्हाला परवानगी मिळाली ती फक्त मालाची आणि यंत्रांची देखभाल करण्याची आणि पावसाळ्यापूर्वीची काळजी घेण्याची. विक्री नाही, उत्पादन नाही. माझी गल्ली प्रतिबंधित क्षेत्राबाहेर होती, म्हणून ईदच्या तीन दिवस आधी मी गादी उघडली, ताक्यांवरची धूळ झटकली, पत्रा कुठे गळतो का ते पाहिले आणि पाच वाजता कुलूप लावले. ईदचा माल समोर होता आणि विकता येत नव्हता.

मग 'मिशन बिगिन अगेन' आले. ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एक दिवस आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडू लागली. कपड्याच्या दुकानात ट्रायल रूम बंद, माल बदलून देणे किंवा परत घेणेही बंद. किरकोळ दुकानदारांना याची झळ लगेच लागली. अंगाला लावून न पाहता तयार कपडा कोण घेणार? त्यापेक्षा कट पीस आणि ड्रेस मटेरियल बरे चालले, आणि गल्लीतल्या शिंप्यांना थोडे काम मिळाले.

माझी अडचण वेगळी होती. माझे गिऱ्हाईक म्हणजे धुळे, जळगाव, बुलढाण्याकडचे लहान दुकानदार. ते एसटीने येतात, माल हाताने चाचपून पाहतात आणि गाठोडी बांधून नेतात. धुळे आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पण जिल्हा वेगळा. आंतरजिल्हा एसटी सुरू झाली २० ऑगस्टला आणि खाजगी प्रवासाचा ई-पास रद्द झाला २ सप्टेंबरला. म्हणजे शटर जूनमध्ये उघडले आणि गिऱ्हाईकाचा रस्ता अडीच महिन्यांनी उघडला. मधल्या काळात १ ऑगस्टला बकरी ईद होऊन गेली. एका वर्षातल्या दोन्ही ईदा हातच्या गेल्या.

आता पैशाची गोष्ट. आमच्या धंद्यात पैसा गावच्या दुकानदाराकडून माझ्याकडे, माझ्याकडून यंत्रमागवाल्याकडे आणि त्याच्याकडून आठवड्याच्या हिशेबाला मजुराच्या हातात पोहोचतो. दुकानदार मला साठ-नव्वद दिवसांनी देतो, मीही पुढे तसाच देतो. वरची कडी थांबली की खालच्या तीनही थांबतात. आदेशांत वेळ होती, अंतर होते, मास्क होता. ही उधारीची साखळी कोणी आणि कशी सोडवायची, याबद्दल त्यांत एक ओळही नव्हती.

मदत अजिबात नव्हती असे नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत पुढे ढकलू दिले, व्याज मात्र चालूच राहिले. मे महिन्यात सरकारी हमीवर विनातारण कर्जाची योजना आली. पण ती होती २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर कर्ज बाकी होते त्याच्यासाठी. बाकीच्या २० टक्के एवढी रक्कम नव्याने मिळायची. ज्याने व्याजापासून दूर राहायचे म्हणून कधी बँकेचे कर्ज घेतलेच नाही, किंवा ज्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्याच्यासाठी त्यात काही नव्हते. आपले बहुतेक लहान कारखानदार याच दोन वर्गांत मोडतात. हातगाडीवाल्यांसाठी दहा हजारांची स्वनिधी योजना आली, तिथेही आधी विक्रेता असल्याचा कागद हवा होता.

म्हणून प्रश्न आमच्यासारख्यांवर येऊन पडला. हातात थोडे पैसे आले तर आधी कोणाला द्यायचे?

यात माझ्याकडून चूक झाली, ती लिहितो. बारा मागांचा एक कारखानदार माझ्यासाठी वर्षानुवर्षे विणत होता. जूनमध्ये तो गादीवर आला. त्याचे मार्चपूर्वीचे पैसे माझ्याकडे होते. "सेठ, निम्मे तरी द्या. मजुरांना खर्चीला देतो, बंद पडलेल्या बीमांची बुरशी काढतो आणि माग चालू करतो," असे तो म्हणाला. मी म्हणालो, "भाई, एसटी सुरू होऊ द्या, दुकानदारांचे पैसे येऊ द्या." हे पूर्ण खरे नव्हते. नाशिकच्या एका व्यापाऱ्याकडून काही रक्कम आली होती; ती मी सूतवाल्याला दिली, कारण जुने दिल्याशिवाय तो नवे सूत सोडत नव्हता. मला वाटले, सूत हातात असले म्हणजे धंदा हातात आहे.

बकरी ईदनंतर त्या कारखानदाराने बारापैकी आठ माग भंगारात विकले, लोखंडाच्या वजनाने. ऑक्टोबरमध्ये दिवाळीची मागणी आली, तेव्हा माझ्याकडे सूत होते आणि विणणारा नव्हता. दुसऱ्याकडे जास्त मजुरी देऊन काम करून घ्यावे लागले. त्याचे पैसे मी ऑक्टोबरातच पूर्ण चुकते केले, पण माग परत आले नाहीत. आज तो दुसऱ्याच्या कारखान्यात मुकादम आहे. रस्त्यात भेटला की सलाम करतो, चौकशी करतो. तक्रार कधी केली नाही.

माझ्या शेजारच्या गादीवाल्याने उलट केले होते. मेच्या अखेरीस त्याने रमजानचा माल खेड्यापाड्यातील उघड्या दुकानांना ट्रान्सपोर्टने पाठवला, तोही खरेदीपेक्षा कमी भावात, पण रोखीने. आलेल्या पैशातून त्याने आधी मागवाल्यांचे हिशेब केले. तेव्हा मी त्याला मनात हसलो होतो. दिवाळीला त्याचे सगळे माग चालू होते.

२०२१ मध्ये पुन्हा तेच. १४ एप्रिलला पहिला रोजा आणि त्याच रात्री आठपासून 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध. १४ मेची ईदही गेली. ७ जूनपासून पाच स्तर आले: तिसऱ्या स्तरात आमच्यासारखी दुकाने सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत, चौथ्यात बंद. कापडाचे भाव पाठ असणारे आम्ही लोक जिल्ह्यात ऑक्सिजनच्या खाटा किती टक्के भरल्या हे पाठ करू लागलो. त्यात सुताचे भाव चढले. राज्यातील निर्बंध उठले १ एप्रिल २०२२ रोजी आणि ३ एप्रिलला रमजान लागला. माझ्या वहीत बाजार त्या दिवशी उघडला असे मी धरतो.

तेव्हापासून ताके मोजून घेतानाच मागवाल्याला ठरल्या रकमेचा निम्मा हिस्सा देतो. सगळ्यांना हे जमेल असे म्हणत नाही. पण लहान कारखानदारांनी एक गोष्ट जरूर करावी. १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी सुरू आहे. उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची ही नोंदणी असेल तर खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला धार आली: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला आयकरात त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी धरता येते. उशिरावरचे व्याज घ्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, मुद्दल वेळेवर मागणे हा हक्क आहे. माझ्यासारख्या नुसत्या व्यापाऱ्याला हा हक्क नाही, विणणाऱ्याला आहे. नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि तिला फी नाही. कोणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नये.