कट्टे उचलणाऱ्याने जिमला का जावं?

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघालं की रिसोडच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. हर्रासी, काटा, मग थप्पी. एका हमालाच्या वाट्याला पन्नास किलोचे शंभर कट्टे आले असं धरलं, तरी दिवसाचे पाच टन होतात. अशा माणसाला व्यायामाचं सांगायला गेलं की "हमाली हाच आमचा व्यायाम" हे उत्तर ठरलेलं. ते निम्मं खरं आहे.

नवा पोरगा टोळीत आला की पहिल्या सीझनमध्ये त्याचे खांदे खरोखर भरतात. पुढे शरीर त्या ओझ्याला सरावतं. ताकद वाढायची तर वजन हळूहळू चढवावं लागतं आणि मधे विश्रांती लागते. हमालीत कट्टा पन्नासचाच राहतो आणि गाडी रिकामी होईपर्यंत थांबता येत नाही. शिवाय भार रोज त्याच खांद्यावर आणि वाकणं रोज पुढेच. पाठीच्या वरच्या बाजूचे, मागे ओढणारे स्नायू त्या मानाने कमी राबतात.

कोपनहेगनमध्ये 1,04,046 प्रौढांवर झालेला अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांत हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी दिसला; कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांत मात्र तो वाढलेला दिसला. संशोधक याला विरोधाभास म्हणतात. तासन्‌तास चढलेली नाडी, चढलेला रक्तदाब आणि अपुरी विश्रांती, असं कारण मांडलं जातं. गरिबी आणि व्यसनांचा वाटा यातून पुरता वेगळा काढता येतो का, यावर वाद आहे. पण हमालीला आरोग्याचा व्यायाम म्हणून खपवू नये, एवढं नक्की.

मग रोज जिम? मुळीच नाही. आठवड्यातून पाच-सहा दिवसांचं वेळापत्रक दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांसाठी असतं. हजार बैठकांचा तालमीतला दाखलाही इथे लागू नाही. शाहू महाराजांच्या राजाश्रयाने वाढलेल्या मल्लाला खुराक मिळायचा आणि मेहनत झाल्यावर झोपायला वेळ असायचा; त्याला दुपारी ट्रक भरायचा नव्हता.

अमेरिकेतल्या अलाबामात झालेला 2011 चा एक प्रयोग हमालाच्या जास्त कामाचा आहे. तरुण आणि साठीपुढच्या अशा 70 जणांकडून 16 आठवडे, आठवड्यातून तीन दिवस पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. पुढचे 32 आठवडे काहींचा व्यायाम एक नवमांशावर आणला: आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक प्रकाराचा एकच सेट. वजन मात्र तगडंच ठेवलं. तरुणांची ताकद टिकली आणि स्नायूही टिकले. साठीपुढच्यांची ताकद टिकली, स्नायूंचा आकार मात्र उतरला. म्हणजे कमावलेली ताकद राखायला थोडक्यात भागतं. कापायचे ते सेट, वजन नाही. हे प्रयोगातले लोक पोती वाहत नव्हते हे खरं, पण हिशेबाची दिशा तीच.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजार बंद असेल तो दिवस धरावा. अर्ध्या-पाऊण तासात चार प्रकार पुरेत: बैठक, डेडलिफ्ट, वजन पोटाकडे ओढणारी रोइंग आणि दांड्याला लटकून वर खेचणं. प्रत्येकाचा एक, फार तर दोन सेट, आणि अजून दोनदा उचलता आलं असतं तिथे थांबायचं. दमछाक करून घ्यायला यार्ड आहेच. त्या दिवशी कंबर धरली असेल तर डेडलिफ्ट सोडून द्यावी. कळ पायात उतरत असेल किंवा बधिरपणा येत असेल, तर जिम सोडून थेट डॉक्टरकडे.

ताकद वाढवायचा काळ वेगळा. पावसाळ्यात पेरण्या आटोपल्या की आवक रोडावते. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस काढावेत आणि वजन दर आठवड्याला थोडं चढवावं. पुढे फेब्रुवारी-मार्चात हरभरा आला की पुन्हा एक दिवसावर यायचं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की व्यायाम पहाटेच.

खाण्याचा प्रश्न जास्त अवघड, कारण तो पैशाचा आहे. साठ किलोच्या माणसाला एरवी दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं पुरतात; वजनी व्यायाम करणाऱ्याला 90 ग्रॅमच्या पुढे लागू शकतात. भाकरी आणि पातळ वरणावर एवढी भरत नाहीत. गंमत अशी, की ज्या दाण्याचे कट्टे पाठीवरून जातात त्यातच प्रथिनं शेकडा 36 ते 40 आहेत, आणि तो दाणा वाहणाऱ्याच्या ताटात क्वचितच येतो. कच्चं सोयाबीन पचत नाही. भिजवून नीट शिजवावं लागतं. ती खटपट नको असेल तर 50 ग्रॅम सोयावडीत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. डब्याच्या पावडरीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते, आणि रिसोडच्या किराणा दुकानातही मिळते.