गोळी हलते, काडतूस अडते : पुंगळीच्या तोंडाशी होणाऱ्या चुका

अमेरिकेत पिस्तूल नेमबाजीचा छंद असणारे अनेक जण एकदा झाडलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून आपली काडतुसे घरीच तयार करतात. स्वतःच्या वापरापुरते असे करण्यास तेथे संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी उत्पादन करावयाचे झाल्यास मात्र तो घ्यावा लागतो. २०२० मध्ये बाजारात काडतुसांचा तुटवडा निर्माण झाला, तेव्हा अनेक नवखे लोकही या उद्योगाकडे वळले.

भारतात परवान्याविना दारूगोळा तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार मनाई आहे. शिवाय, २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्या प्रकारात पॉइंट टू टू काडतुसे वापरली जातात. त्यांचे स्फोटक रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असल्याने ती पुन्हा भरता येत नाहीत. त्यामुळे हे तंत्र आपल्याकडे फारसे परिचित नाही.

काडतूस भरण्याच्या क्रियेतील शेवटचे दोन टप्पे सर्वाधिक तक्रारींचे मूळ असतात. दारू भरल्यानंतर गोळी पुंगळीत ठरावीक खोलीपर्यंत दाबून बसविणे, हा पहिला. पुंगळीचे तोंड आवळणे, हा दुसरा. त्याला 'क्रिंप' असे म्हणतात. या आवळण्यामुळेच गोळी जागेवर राहते, असा सर्वसाधारण समज आहे आणि बहुतेक घोटाळा त्यातूनच उद्भवतो. पिस्तुलाच्या काडतुसात गोळीला मुख्यतः धरून ठेवते ती पुंगळीची भिंत. पुंगळी गोळीच्या व्यासापेक्षा किंचित अरुंद केलेली असते आणि तिच्या ताणामुळे गोळी घट्ट बसते.

हा ताण अपुरा असेल तर क्रिंप वाढवून उपयोग होत नाही. उलट, हानीच होते. आवळताना पितळ आणि आतील शिसे दोन्ही दबतात. दाब निघताच पितळ थोडे मागे उसळते, शिसे मात्र दबलेलेच राहते. परिणामी, अतिशय आवळलेल्या काडतुसातील गोळी पूर्वीपेक्षा सैल होऊ शकते. गोळी सैल वाटते म्हणून पुन्हा डायचा आटा फिरविणारा माणूस अशा वेळी चुकीच्या दिशेने चाललेला असतो. त्याने पुंगळी अरुंद करणारी डाय आणि तोंड फुलविणारा खिळा हे दोन भाग आधी तपासावयास हवेत. खिळा प्रमाणाबाहेर जाड असेल, तर ताण तेथेच नाहीसा होतो.

सैल गोळीचा धोका किरकोळ नाही. स्वयंचलित पिस्तुलात काडतूस मॅगझीनमधून चेंबरमध्ये जाताना गोळीचे नाक उतारावर आदळते. पकड कमकुवत असल्यास गोळी आत सरकते, दारूसाठी असलेली मोकळी जागा घटते आणि दाब एकदम वाढतो. ९ मिलिमीटर ल्यूगर काडतुसासाठी अमेरिकी उत्पादकांच्या संस्थेने, म्हणजे 'सामी'ने, ३५,००० पौंड प्रति चौरस इंच ही दाबाची मर्यादा निश्चित केली आहे. पुंगळी लहान असल्याने गोळी थोडी जरी आत गेली, तरी ही मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव असतो. यावर एक सोपी चाचणी आहे. काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजावी, गोळीचे नाक लाकडी बाकावर अंगठ्याने जोराने दाबावे आणि पुन्हा मोजावे. लांबी कमी झाली, तर पकड अपुरी आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये हेच संकट उलट्या दिशेने येते. एक बार उडाला की धक्क्याने उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकू पाहतात. एखादी चक्राच्या बाहेर डोकावली की चक्र फिरेनासे होते. म्हणूनच पॉइंट ३५७ मॅग्नमसारख्या जोरदार काडतुसात पुंगळीची कड गोळीवरील खाचेत वळविली जाते. या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कड असते आणि काडतूस चेंबरमध्ये त्या कडेवर टेकते, त्यामुळे तोंड वळविल्याने काही बिघडत नाही. ९ मिलिमीटरचे काडतूस मात्र तोंडावरच टेकते. ते तोंड आत वळविल्यास काडतूस गरजेपेक्षा खोल जाऊन बार न उडण्याची शक्यता असते. येथे फक्त फुलविलेले तोंड सरळ करावयाचे असते. तोंडापाशी व्यास ०.३८० इंचाच्या वर नसला म्हणजे पुरे.

तिसरी तक्रार काडतूस चेंबरमध्ये न जाण्याची. तोंडाखाली पुंगळी फुगलेली दिसत असेल, तर एकाच डायमध्ये दोन्ही कामे एकदम केली जात आहेत, असे बहुधा समजावे. गोळी अद्याप खाली सरकत असतानाच कड तिच्यात रुतू लागते; मग शिशाची साल निघते किंवा पुंगळी चुरगळते. साल निघण्याचे दुसरे कारण म्हणजे तोंड पुरेसे फुलविलेले नसणे. जाणकार दोन टप्पे वेगळे ठेवतात. प्रथम डाय वर उचलून गोळी योग्य खोलीवर बसवावयाची, मग आतील दांडा मागे घेऊन डाय खाली आणावयाची आणि फक्त तोंड आवळावयाचे. वेगळी डाय असल्यास उत्तमच. पुंगळ्यांची लांबी कमीजास्त असेल, तर लांब पुंगळी अधिक आवळली जाते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पडताळणीसाठी पिस्तुलाची नळी काढून तिच्यात काडतूस सोडतात. ते 'टक्' असा आवाज करीत पूर्ण बसले, बोटाने सहज फिरले आणि नळी उलटी करताच आपल्या वजनाने बाहेर पडले, तर ते योग्य. बसले पण फिरले नाही, तर गोळी नळीतील आट्यांना टेकत आहे. ती थोडी खोल बसवावी लागेल. मात्र खोली वाढली की दाबही वाढतो, म्हणून दारूचे प्रमाण पुस्तिकेतील त्या गोळीच्या नोंदीनुसार पुन्हा तपासणे आवश्यक ठरते. ९ मिलिमीटरसाठी १.१६९ इंच ही काडतुसाची कमाल लांबी आहे; प्रत्येक गोळीला ती लांबी चालेलच असे नव्हे, कारण नाकाचा आकार निरनिराळा असतो.

सदोष काडतूस पुन्हा प्रेसमध्ये घालून दाबत बसणे टाळले जाते. पोकळ डोक्याच्या हातोडीसारखे एक अवजार मिळते. त्यात काडतूस अडकवून ठोकले असता गोळी जडत्वाने बाहेर येते, दारू वेगळी होते आणि गोळीवर उमटलेली रेघ पाहून तोंड किती आवळले गेले होते, तेही कळते.