नाटक इथलं, पुस्तक तिथलं

बेळगावच्या मराठी रंगभूमीचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात गुर्लहोसूरपासून होते, आणि ते रास्तच आहे. सौंदत्ती तालुक्यातल्या या गावी १८४३ साली बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं. अण्णासाहेबांनी बेळगावात शिक्षकी केली, पुढे सरकारी नोकरी केली, १८७३ मध्ये ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक लिहिलं. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवलही बेळगावातच शिकले, ते अण्णासाहेबांच्या हाताखाली. पण अण्णासाहेबांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी रंगभूमीवर आलं ते पुण्यात, आणि ‘सौभद्र’ही तिथेच, १८८२ साली. एवढं सांगून आपण अभिमानानं थांबतो. मला मात्र इथूनच पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलखानं मराठीला नाटककार दिले, तिथे पुण्यामुंबईच्या तोडीचा नाटकांचा प्रकाशनव्यवसाय का उभा राहिला नाही? सीमाभागाच्या नाट्यलेखनाची मोठी हानी गुणवत्तेच्या किंवा प्रेक्षकांच्या अभावानं झालेली नाही. लिहिणाऱ्याच्या शेजारी छापणारा नव्हता, म्हणून ती झाली, असं माझं मत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो नाटकवाल्यांकडूनच: नाटक प्रयोगात जगतं, पुस्तकात नाही. हे अर्धं खरं आहे. भाव्यांच्या आख्यानांत पदं बांधलेली असत, भाषणं नट आयत्या वेळी रचत. त्यामुळे १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ निघाला तेव्हा कवितेचा भाग राहिला आणि बोललेलं सगळं हवेत विरून गेलं. याच्या उलट वि. ज. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’. ते १८६१ साली आधी पुस्तक म्हणून आलं आणि मग इचलकरंजीकर नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. इचलकरंजी सीमाभागातल्या निपाणीपासून काही फार लांब नाही. छापलेलं नाटक अनोळखी नटांच्या हाती पडतं आणि लेखक हजर नसताना उभं राहतं, हे या टापूनं इतक्या लवकर पाहिलं होतं. त्या काळच्या लोकांनी अशा नाटकांना ‘बुकिश’ म्हटलं. त्या शब्दात थोडी हेटाळणी असली तरी रंगभूमीचा पुढचा सगळा प्रवास त्या ‘बुका’वरच झाला.

मग छापखाने नव्हते का? होते. ‘बेळगाव समाचार’ १८६३ पासून निघत होता, १९१९ मध्ये बाबूराव ठाकुरांनी ‘तरुण भारत’ सुरू केला. पण वर्तमानपत्राचा वाचक रोजचा किंवा आठवड्याचा असतो, नाटकाचं पुस्तक घेणारा हंगामी. शिवाय संगीत नाटकांच्या काळात कंपन्या संहिता जपून ठेवत आणि थिएटरात पदांची पुस्तकं विकत. कंपनी जिथे मुक्कामाला, तिथेच तिचा धंदा, आणि मोठे मुक्काम पुण्यामुंबईचे. बेळगावच्या छापखान्याला नाटकाचं काम मिळालं असतं ते हौशी मंडळींकडून. पण त्यांच्यासाठी छापणं म्हणजे आधी पदरचा कागद घालायचा आणि गणेशोत्सव नाहीतर गावची जत्रा येईपर्यंत वाट पाहायची. ही जोखीम घेणारा माणूस बहुधा स्वतःच नाटकवेडा असावा लागतो. निव्वळ व्यापारी ती घेत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, मराठी संस्थांचा आधार तुटला, तेव्हा दोष छापखान्याचा कसा? सीमेनं केलेलं नुकसान मी कमी लेखत नाही. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि दहाच वर्षांत ते शहरच बाहेर राहिलं, ही जखम आजही ओली आहे. तरीही कालक्रम पाहा. ‘शाकुंतल’ पुण्याला गेलं ते राज्यपुनर्रचनेच्या शहात्तर वर्षं आधी. तेव्हा बेळगाव आणि पुणे एकाच मुंबई इलाख्यात होते. नाटक बाहेर जाण्याची वाट सीमारेषेच्या कितीतरी आधी पडलेली होती. सीमेनं परतीची वाट बंद केली.

निपाणीकडे पाहिलं की हे जास्त टोचतं. तंबाखूच्या वखारी, विडी वळणाऱ्या बायका, १९८१ चं शेतकऱ्यांचं आंदोलन आणि त्यातला गोळीबार: नाटकाला याहून जिवंत द्रव्य कोणतं हवं? महादेव मोरे यांनी निपाणीत गिरणी चालवत हे जग कथा-कादंबऱ्यांत आणलं. तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘युगांतर’ गटानं १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला, आणि तो आजही पाहता येतो. पण निपाणीवरचं म्हणून सहज हाती लागेल असं छापील नाटक सुचवायला सांगितलं तर मी अडखळेन.

लहान नाट्यप्रकाशनाचं गणित अशक्य नाही. दहा पात्रांच्या नाटकाला दिग्दर्शक आणि प्रॉम्प्टर धरून बारा प्रती लागतात. वीस गावांनी ते बसवलं तर दोनशे चाळीस प्रती झाल्या, आणि आता इतक्या थोड्या प्रती छापून घेता येतात. प्रत्येक प्रयोगाचं परवानगीचं मानधन लेखकाला, पुस्तकाची विक्री प्रकाशकाला. दोन्ही कामं एकच माणूस करत असेल तर दोन्ही बाजूंचं मिळून कसंबसं भागतं. २०१५ मध्ये बेळगावात ९५ वं नाट्यसंमेलन फैयाज यांच्या अध्यक्षतेखाली भरलं, तेव्हा या भागाची नाट्यभूक दिसली; ती भागवणारी पुस्तकं मात्र बाहेरूनच येतात. त्यांत इथली बोली नसते. मध्येच कानडीत वळणारं वाक्य, ‘काय की’चा हेल, बाजारात दोन भाषांत चालणारी घासाघीस, हे दूरच्या संपादकाला चूक वाटू शकतं. अण्णासाहेबांच्या काळी नाटकातल्या पदाच्या माथ्यावर ते कोणत्या चालीवर बांधलंय हे छापण्याची रीत होती. त्यांच्या पदांच्या काही चाली कानडी आहेत, आणि माथ्यावरच्या त्या बारीक अक्षरांतून वाचणाऱ्याला ते अजूनही कळतं.