सेन्सरच्या पिनला स्टॅटिकचा झटका: चिपवरच्या ‘२ केव्ही’वर विसंबू नका

नागापूर एमआयडीसीत गाळा घेऊन किंवा घरच्या शेडमध्ये मातीचा पीएच मीटर बनवायचं डोक्यात असेल, तर हे आधी वाचा.

आपला अहिल्यानगर जिल्हा, अकोल्याचा घाटाकडचा भाग सोडला तर, पर्जन्यछायेतला. पावसाळा सरला की हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत अंगावर स्टॅटिक साठतं. टेरिकॉटचा शर्ट आणि प्लास्टिकची खुर्ची एवढं पुरे. बोटाला चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. म्हणजे चिप मेली तरी तुम्हाला पत्ताच नसतो. बेंचवर अर्थिंग केलेली मॅट आणि मनगटाचा पट्टा हवाच, पण माल शेतात गेल्यावर काय?

“सर, डेटाशीटवर २ केव्ही ईएसडी लिहिलंय की!” लिहिलंय, पण ती ह्युमन बॉडी मॉडेलची चाचणी. १०० पिकोफॅरड, १,५०० ओहम, करंट सुमारे १.३ अँपिअर. कारखान्यात चिप हाताळण्यापुरती. तयार मालाची चाचणी आयईसी ६१०००-४-२ प्रमाणे होते. तिथे ८ केव्ही कॉन्टॅक्ट डिस्चार्जला पहिला झटका ३० अँपिअरचा! शेतकरी प्रोबची वायर जोडतो, तेव्हा गाठ या दुसऱ्या प्रकाराशी असते.

मग चिपमध्येच मोठे डायोड का नाहीत? डिजिटल पिनला फक्त शून्य की एक एवढंच ओळखायचं असतं, तिथे चालतात. अॅनालॉग पिनवर मोठा डायोड म्हणजे जास्त लीकेज. हिशोब करा: पीएच प्रोबचा रेझिस्टन्स १०० मेगाओहम धरा. १ नॅनोअँपिअर लीकेज झालं की १०० मिलिव्होल्टची चूक. एक पीएच म्हणजे साधारण ५९ मिलिव्होल्ट. ७ च्या जागी मीटर ५.३ नाहीतर ८.७ दाखवणार. आणि असा मीटर बंद पडत नाही, खोटं सांगत राहतो. गिऱ्हाईक त्यावरच चुन्याचा किंवा जिप्समचा डोस ठरवतं.

म्हणून हाताला लागेल तो टीव्हीएस डायोड ठोकू नका. कनेक्टरला खेटून कमी लीकेजचा क्लॅम्प, ग्राउंडपर्यंत आखूड आणि जाड ट्रॅक, मग सिरीजमध्ये १० किलोओहम, मग चिप. त्या १० किलोओहमवर १ नॅनोअँपिअरने फक्त १० मायक्रोव्होल्ट पडतात, म्हणजे काहीच नाही.

पुढे स्वतःची चिप काढायची झाली (मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी १८० नॅनोमीटरवर बनवते), तरी पॅड निवडताना प्रश्न हाच: लीकेज किती, आणि किती तापमानाला? २५ अंशांचा आकडा दाखवला तर थांबा. दर १० अंशांना डायोडचं लीकेज साधारण दुप्पट होतं. मे महिन्यात उन्हातला डबा ५५ अंशांवर गेला की आठपट. सप्लायरकडून तो आकडा लेखी घ्या.